अवकल समीकरणांचे अध्यापन, मराठवाड्यातील

बदलती राशी व तिच्या बदलाचा दर यांतील संबंध मांडणाऱ्या समीकरणास अवकल समीकरण म्हणतात. कलनशास्त्राचा परिचय झाल्यावर पदवी वर्गात हा विषय शिकवितात. प्रथम चले विलग करता येणारी व पहिल्या क्रमाची रेषीय समीकरणे, नंतर स्थिर गुणकांची दुसऱ्या क्रमाची समीकरणे, असा त्याचा सर्वसाधारण आराखडा असतो.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील पदवी शिक्षणाचा मुख्य आधार हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ (स्थापना १९१८) हा होता. तेथील माध्यम उर्दू असून पाठ्यपुस्तकांसाठी १९१७ मध्ये भाषांतर विभाग स्थापण्यात आला होता. परतूर तालुक्यातील वाटूरसारख्या गावचा मराठी विद्यार्थी तेथे गेल्यास त्याला उच्च गणित उर्दू परिभाषेत आत्मसात करावे लागे. भारतीय भाषेत उच्च गणित शिकविता येते, हे या प्रयोगाने दाखविले; परंतु ती भाषा त्या विद्यार्थ्याची नव्हती.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. औरंगाबादला १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) स्थापन झाले. त्यामुळे अंतराची अडचण बरीच कमी झाली. भाषेची मात्र उरली. मराठी माध्यमातून शालेय शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्याला समीकरण सोडविण्यापूर्वी त्याचे विधान परभाषेत समजून घ्यावे लागते.