लगदा धुणारे हात

कागदाचा इतिहास सांगायला बसले की सांगणारा आधी चीनला जातो, मग समरकंदला, बगदादला आणि फिरून आपल्याकडे येतो. कागद कुणी शोधला, कुणी आणला, त्यावर कुणी काय लिहिले, हे सगळे त्यात येते. कागद धुतला कुणी, हे मात्र राहून जाते. कागद धुतात का, असे तुम्ही विचाराल. तयार कागद नाही, पण ज्यापासून तो होतो तो लगदा धुवावाच लागतो. या धंद्यातले सगळ्यात जड आणि सगळ्यात ओले काम तेच.

वेरूळची लेणी पाहायला गेला असाल, तर दौलताबाद सोडून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा उत्तरेतून आलेल्या लोकांबरोबर कागद करणारेही आले आणि इथे वसले, असे सांगतात. पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहे, नदीच्या अंगाला. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. कागदी वस्ती पाण्याच्या आसऱ्यानेच बसायची, आणि त्याचे कारण हे धुणे.

जुनी गोणपाटे, दोरखंड, जाळी, चिंध्या असा माल बारीक तोडायचा, चुन्याच्या पाण्यात भिजवायचा आणि पायाने चालवायच्या लाकडी घणाखाली कुटायचा. मग धुवायचा. माणसे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहत. मोठ्या कापडात लगदा धरायचा आणि चुना, मळ निघेपर्यंत हेलकावे देत राहायचे. एकदा धुऊन भागत नसे. पुन्हा चुना, पुन्हा कुटणे, पुन्हा पाणी. एक किलो कोरडा तंतू उचलायचा म्हटले, तर पिळून काढल्यावरही त्याच्याबरोबर कितीतरी पाणी उचलावे लागते. चुना कातडीला खातो ते वेगळेच. त्यानंतर साच्यावर ताव उचलणे, भिंतीवर वाळवणे, खळ लावणे, गुळगुळीत दगडाने घोटणे. घोटणाऱ्याच्या हाताचे कौतुक झाले, कारण ते कागदावर दिसते. धुणाऱ्याचा हात कागदावर दिसत नाही. तो चुकला तरच दिसतो, डाग होऊन.

मराठी दरबारांत जुन्नरी आणि दौलताबादी कागद वापरला जाई. मोडीतल्या जुन्या दफ्तरांवर आपले इतिहाससंशोधक आयुष्य वेचतात. हा कागद करणारे कागदी बहुतेक मुसलमान होते. कागदी हे आडनाव आमच्यात अजून आहे. ते धारण करणाऱ्या बहुतेकांनी लगदा कधी पाहिलेलाही नाही.

युरोपात १६८० च्या सुमारास डच लोकांनी 'हॉलंडर' नावाचे यंत्र काढले. लांबट हौद, त्यात पाती बसवलेला रूळ. रूळ फिरतो, चिंध्या कुटल्या जातात. याच हौदावर जाळी लावलेला एक पिंप बसवू लागले. तो लगद्यात उतरवला की जाळीतून मळके पाणी आत घेऊन बाहेर टाकतो. धुणे झाले की चक्र फिरवून वर उचलायचा. माणूस नदीतून बाहेर आला, तो या उचलत्या पिंपामुळे. मला हे यंत्र कागदाच्या इतिहासातले फार मोठे पाऊल वाटते.

आपल्याकडे १८८५ मध्ये पुण्याजवळ मुंढव्याला डेक्कन पेपर मिल निघाली. गिरणीचा स्वस्त कागद आणि त्याहून स्वस्त विलायती कागद यांच्यापुढे कागद्यांचे घण थांबत गेले. गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीने हातकागदाला पुन्हा उभे केले. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली, तिच्यामागे के. बी. जोशी होते. हॉलंडर यंत्र हातकागदाच्या शाळांमधूनही आले, ही गंमतच.

मोठा बदल मात्र बांबू आणि लाकडाने केला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरची पेपर मिल कंपनी १९४५ ची. तिची सुरुवातीची भिस्त जंगलातल्या बांबूवर. बांबू चुन्याला सहज दाद देत नाही, गिरणीत तो रसायनांत दाबाखाली शिजवतात. शिजल्यावर जो काळा अर्क निघतो, त्यात बांबूचा चिकट अंश आणि महाग रसायने दोन्ही असतात. तो वाहून जाऊ दिला तर कारखान्याचे दिवाळे आणि नदीचे मरण. म्हणून इथे धुणे म्हणजे नुसती सफाई नाही. जाळीचे मोठे पिंप ओळीने तीन-चार बसवतात. आतून पाणी ओढले जाते, बाहेर लगद्याचा थर चिकटतो, वरून फवारे पडतात. स्वच्छ पाणी फक्त शेवटच्या पिंपावर, त्याचे निघालेले पाणी आधीच्यावर, असे उलटे मागे नेत जातात. शेवटी दाट झालेला काळा अर्क आटवून भट्टीत जाळतात आणि रसायने परत मिळवतात. आपल्या आया पाणीटंचाईत भांडी अशीच धुवायच्या.

या पिंपांवर वाफ आणि उग्र वास अडवायला लोखंडी झाकण असते, वजनदार. जाळी फाटली, फवारा तुंबला की ते उचलावे लागते. पूर्वी साखळीच्या चेनपुलीने ओढत. आता हायड्रॉलिक दट्ट्यांनी उचलतात. तत्त्व पास्कलचे, त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर एक किलोचा भार दिला, तर शंभर चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या शंभर किलो उचलतो. फुकट काही नाही. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर चढायला लहानाला शंभर सेंटिमीटर उतरावे लागते. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये यावरच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आमच्या मीरा रोडच्या केशकर्तनालयात पायाने दोन-चारदा दाबले की गिऱ्हाइकासकट वर जाणारी खुर्ची बहुधा याच कुळातली.

झाकण दोन्ही बाजूंनी सारखे चढले पाहिजे, नाहीतर तिरपे होऊन अडकते. तेलाची नळी फुटली तरी ते धाडकन खाली येऊ नये म्हणून दट्ट्यापाशीच तेल अडवणारी झडप असते. तिच्यावरही विसंबायचे नसते. झाकण वर गेले की लोखंडी खुंट्या किंवा टेकू लावायचे, यंत्राची वीज तोडून कुलूप घालायचे, आणि मगच माणसाने जाळीपाशी वाकायचे. धुणारा माणूस आता पाण्यात उभा नसतो. जाळी बदलायची वेळ आली की मात्र त्याला या झाकणाखाली जावेच लागते.