अँड्रीव बद्ध अवस्था म्हणजे काय? सुपरकंडक्टरच्या सीमेवर अडकणारा इलेक्ट्रॉन सोप्या भाषेत

"क्वांटम कम्प्युटरमध्ये क्रांती", "नवा कण सापडला" अशा बातम्या तुमच्याही फीडमध्ये येत असतील. यातल्या बऱ्याच बातम्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: सुपरकंडक्टरच्या सीमेवर अडकलेल्या क्वांटम अवस्था. त्या अवस्था कशा तयार होतात आणि त्यांच्यामुळे मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा कसे फसू शकतात, ते आजच्या लेखात समजून घेऊ. बारावीचं फिजिक्स आठवत नसलं तरी चालेल.

आधी थोडं सुपरकंडक्टरबद्दल

काही पदार्थ खूप थंड केले की त्यांचा विद्युतरोध एकदम शून्य होतो. यांना मराठीत अतिसंवाहक म्हणतात. १९११ साली कामरलिंग ओनेस यांना हा गुण पहिल्यांदा पाऱ्यात दिसला, तोही उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास.

असं का होतं, याचं नीट स्पष्टीकरण १९५७ साली मिळालं. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन एकटे फिरत नाहीत, त्यांच्या जोड्या बनतात. या जोड्यांना कूपर जोडी म्हणतात. जोडी तोडायला ठरावीक ऊर्जा लागते आणि त्यापेक्षा कमी ऊर्जेच्या एकट्या इलेक्ट्रॉनला आत जागाच नसते. या बंद पट्ट्याला ऊर्जेची गॅप म्हणतात.

ही गॅप किती छोटी असते? अ‍ॅल्युमिनियममध्ये ती साधारण ०.०००२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. तुमच्या फोनची बॅटरी ३.८ व्होल्टच्या आसपास चालते. म्हणजे बॅटरीच्या तुलनेत हा खेळ हजारो पटींनी नाजूक आहे. म्हणूनच इतकी थंडी लागते, नाहीतर उष्णतेच्या गोंगाटात सगळं बुडून जातं.

सीमेवर काय होतं? गरब्याच्या गेटचं उदाहरण

आता साधा धातू आणि सुपरकंडक्टर एकमेकांना चिकटवले. साध्या धातूतून एक इलेक्ट्रॉन सीमेपर्यंत आला, पण त्याची ऊर्जा गॅपपेक्षा कमी आहे. तो आत कसा जाणार?

आमच्या बोर्डीच्या पट्ट्यात, पुढे उंबरगावपर्यंत, नवरात्रात गरबा जोरात असतो. समजा एका मंडपाच्या गेटवर "फक्त कपल एंट्री" असा बोर्ड आहे. एकटा आलेला मुलगा काय करेल? रांगेतली एक जोडीदार गाठेल आणि दोघं आत जातील. मागे रांगेत एक रिकामी जागा राहील. मागचा माणूस पुढे सरकेल, मग त्याच्या मागचा, आणि ती रिकामी जागा गेटपासून मागे मागे जाताना दिसेल.

इलेक्ट्रॉनचंही असंच होतं. तो धातूतला दुसरा एक इलेक्ट्रॉन सोबत घेतो, दोघांची कूपर जोडी आत जाते, आणि मागे उरलेली रिकामी जागा, म्हणजे होल, आलेल्याच वाटेने परत फिरतं. इलेक्ट्रॉन आला आणि होल परत गेलं! सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर अँड्रीव यांनी १९६४ साली ही प्रक्रिया मांडली, म्हणून तिला अँड्रीव परावर्तन म्हणतात. एका इलेक्ट्रॉनच्या येण्याने दोघांचा विद्युतभार आत गेल्यामुळे, सीमा एकदम स्वच्छ असेल तर कमी व्होल्टेजला विद्युतवाहकता नेहमीच्या दुप्पट होते. प्रयोगात हे मोजता येतं.

दोन्ही बाजूंना गेट असेल तर?

आता साध्या धातूचा अगदी छोटा तुकडा दोन सुपरकंडक्टरच्या मध्ये ठेवा. उजव्या सीमेवर इलेक्ट्रॉनचं होल होऊन परत फिरतं. ते होल डाव्या सीमेवर पोहोचलं की तिथली एक जोडी सुटते, तिच्यातला एक इलेक्ट्रॉन होल भरतो आणि दुसरा पुन्हा उजवीकडे निघतो. बाहेर पडायला वाट नाही, नुसत्या येरझाऱ्या. अशी अडकलेली अवस्था म्हणजे अँड्रीव बद्ध अवस्था. प्रत्येक फेरीत एक कूपर जोडी डावीकडून उजवीकडे पोहोचते, म्हणजे कुठलाही रोध नसलेला प्रवाह वाहतो.

अडकलेल्या लाटेची ऊर्जा मात्र कुठलीही असू शकत नाही. डहाणू-तलासरीत वाजणारा तारपा आठवा. नळीतल्या हवेची लांबी जेवढी, त्याप्रमाणे ठरावीक सूरच निघतात. भोकांवरची बोटं हलवली की सूर बदलतो. तसंच इथे गॅपच्या आत काही ठरावीक ऊर्जा-पातळ्याच तयार होतात. आणि बोटांचं काम करतो तो दोन सुपरकंडक्टरमधल्या फेजचा फरक. तो बदलला की पातळी वरखाली सरकते.

मुंबईत काय काम झालंय?

यासाठी लांब जायची गरज नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, म्हणजे टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे उणे २६१ अंशांना अतिसंवाहकता सापडल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातून बोरोकार्बाइड नावाचं सुपरकंडक्टरचं एक नवं कुटुंब जगासमोर आलं.

दहा वर्षांनी, २००४ साली, याच संस्थेतल्या प्रताप रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी याच कुटुंबातल्या एका स्फटिकावर धातूचं बारीक टोक टेकवून अँड्रीव परावर्तन मोजलं. टोक वेगवेगळ्या दिशांनी टेकवल्यावर कळलं की एका दिशेतली गॅप दुसरीच्या सुमारे साडेचार पट मोठी आहे. म्हणजे सीमेवरून परत येणारं होल आपल्याला सुपरकंडक्टरच्या आतली खबर देतं.

क्वांटम कम्प्युटरशी काय संबंध?

सुपरकंडक्टिंग क्युबिटचं हृदय म्हणजे जोसेफसन जंक्शन, दोन सुपरकंडक्टरमधला पातळ सांधा. खोलात गेलं तर त्यातला प्रवाह अँड्रीव बद्ध अवस्थांमधूनच वाहतो. २०२४ मध्ये टीआयएफआर आणि डीआरडीओची पुण्यातली क्वांटम प्रयोगशाळा यांनी मिळून ६ क्युबिटच्या सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. शिवाय अँड्रीव अवस्थेलाच थेट क्युबिट म्हणून वापरायचे प्रयोगही झाले आहेत. फ्रान्समधल्या साक्ले इथे २०१५ साली अशा अवस्थांवर नियंत्रण मिळवून दाखवलं गेलं.

खरी गडबड इथे आहे: मायोराना

सिद्धांत सांगतो की विशिष्ट प्रकारच्या सुपरकंडक्टिंग तारेच्या दोन टोकांना बरोबर शून्य ऊर्जेची अवस्था बसते. तिचा अर्धा भाग एका टोकाला, अर्धा दुसऱ्या टोकाला. हीच मायोराना अवस्था. माहिती दोन टोकांत विभागलेली असल्यामुळे एखाद्या ठिकाणच्या छोट्या गडबडीने ती बिघडणार नाही, अशी आशा आहे. म्हणून तिच्यामागे एवढा पैसा लागलाय.

२०१२ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाला नॅनोवायरमध्ये शून्य व्होल्टेजला सिग्नलचं शिखर दिसलं आणि जगभर खळबळ उडाली. अडचण एवढीच, की साधी अँड्रीव अवस्था योगायोगाने शून्य ऊर्जेजवळ सरकली तर तीही जवळपास तसंच शिखर दाखवते. २०१८ साली 'नेचर'मध्ये आलेला एक गाजलेला मायोराना पेपर २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'मायोराना १' चिप जाहीर केली, तेव्हा सोबतच्या 'नेचर' पेपरच्या परीक्षण-फाइलमध्ये संपादकांनी स्पष्ट केलं होतं की यातले निष्कर्ष मायोराना असल्याचा पुरावा ठरत नाहीत.

अशी बातमी वाचताना काय तपासायचं?

- सिग्नल तारेच्या एकाच टोकाला मोजलाय की दोन्ही? मायोराना असेल तर दोन्ही टोकांना खूण दिसायला हवी.
- चुंबकीय क्षेत्र किंवा व्होल्टेज थोडं बदललं तरी शिखर टिकतं का? योगायोगाने आलेली अँड्रीव अवस्था बहुतेक वेळा हलते.
- सगळा डेटा दिलाय की निवडक ग्राफ?
- बातमी कंपनीच्या प्रेस नोटवरून आहे की तपासलेल्या पेपरवरून? दोन्हीतले दावे सारखेच आहेत का?

हे सगळं आपल्या फोनमध्ये येणार का?

सध्या तरी नाही. या चिपना उणे २७३ अंशांच्या अगदी जवळ नेणारा भलामोठा फ्रीज लागतो. उद्या वापर झालाच तर तो इंटरनेटवरून होईल, मशीन लॅबमध्येच राहील.

थोडक्यात, सीमेवर अडकलेला इलेक्ट्रॉन ही खरी, मोजता येणारी आणि उपयोगी गोष्ट आहे. पण शून्यावर शिखर दिसलं म्हणजे मायोराना सापडलाच असं नाही. पुढच्या वेळी अशी हेडलाइन आली की फॉरवर्ड करण्याआधी वरचे चार प्रश्न विचारून बघा.