कागदाचे आयुष्य आणि सातारा-सांगलीची इतिहाससाधने

इतिहाससंशोधक कागदावर काय लिहिले आहे ते पाहतो. कागद कशाचा आहे याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. सातारा-सांगली प्रदेशाच्या अभ्यासकास ही उपेक्षा परवडणारी नाही. मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापून काढण्याच्या उद्योगाला येथूनच मोठी चालना मिळाली. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धनी दफ्तरांतील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. वाईस सापडलेल्या पत्रांवरून राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. साताऱ्यास पारसनिसांनी १९०८ मध्ये ‘इतिहाससंग्रह’ मासिक सुरू केले.

मूळ पत्रांचा कागद हातबनावटीचा असे. जुन्या चिंध्या व ताग-अंबाडीसारखे तंतू कुटून तो तयार करीत, खळ लावीत आणि घोटून गुळगुळीत करीत. शाई काजळी व गोंद यांची असे; काजळीचा कार्बन कागदास अपाय करीत नाही. कसर, वाळवी व ओल यांनी या दफ्तरांची पुष्कळ हानी केली. तथापि जे कागद त्यांतून वाचले, त्यांपैकी बरेच दोन-अडीचशे वर्षांनंतरही घडी उलगडताना तुटत नाहीत.

यंत्राच्या कागदाची गोष्ट निराळी आहे. १८०७ मध्ये जर्मनीतील इलिग याने राळ व तुरटी यांची खळ लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे १८४४ च्या सुमारास केलर याने लाकूड वाटून लगदा करण्याची युक्ती काढली. कागद स्वस्त झाला. पण त्याच्या नाशाचे बीजही त्याच्यातच पेरले गेले. सेल्युलोज हे निसर्गाने घडविलेले बहुवारिक आहे; ग्लुकोजची सहस्रावधी एकके एका साखळीत गुंफलेली असतात. तुरटी व ओलावा यांपासून अम्ल उद्भवते आणि ते या साखळीचे दुवे वाटेल तेथे तोडते. तुटण्याच्या ओघात नवी अम्ले निर्माण होतात व नाशाचा वेग वाढतो. कागद तांबूस पडतो, दुमडताच तुटतो. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुसंख्य पुस्तकांचे भवितव्य असेच असल्याचे दाखविले.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. अलीकडे रसायनशास्त्रज्ञ स्वविघटनशील बहुवारिके मुद्दाम रचतात. साखळीच्या टोकाशी एक रक्षक गट बसवितात. ठरावीक अम्ल, विकर अथवा अन्य द्रव्याने तो गट सुटला की साखळी त्या टोकापासून एकेक दुवा उलगडत लघुरेणूंत विरून जाते. इस्रायलमधील शबात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशी बहुवारिके सिद्ध करून दाखविली. तेथे नाशाचा क्षण माणूस ठरवितो. तुरटीच्या कागदात तो कोणीच ठरविला नव्हता. स्वस्ताईच्या ओघात तो आपोआप ठरला.

यातून इतिहासाच्या अभ्यासकास एक कटू निष्कर्ष काढावा लागतो. पत्र छापले म्हणजे ते अमर झाले, आता मूळ कागद गेला तरी चालेल, अशी समजूत एके काळी रूढ होती. वस्तुतः अम्लयुक्त कागदावरील छापील प्रत मुळाहून अल्पायुषी ठरण्याचा संभव आहे. शिवाय संपादकाने पत्र निवडलेले असते, मोडीचे बाळबोध केलेले असते. त्यात चूक राहिली असल्यास ती तपासण्यास मुळावाचून गत्यंतर नाही. म्हणून मूळ रुमाल जपावेतच; पण जुन्या छापील खंडांचीही परीक्षा करून, जेथे अम्ल आढळेल तेथे तज्ज्ञांकडून कॅल्शियम वा मॅग्नेशियमच्या क्षारांनी ते शमवून घ्यावे. अम्ल शमविल्याने पुढील नाश मंदावतो. तुटलेले दुवे मात्र पुन्हा जुळत नाहीत. खरे, राजवाडे व पारसनीस यांनी घरोघरच्या दफ्तरांतून जे वाचविले, ते त्यांच्याच ग्रंथांच्या पानांतून गळून जाऊ देणे आपल्या पिढीस शोभणारे नाही.