फाळके यांचा कॅमेरा व दादरचे घर
दादासाहेब फाळके १ एप्रिल १९१२ रोजी लंडनहून परतले. तेथे घेतलेल्या विल्यम्सन कॅमेऱ्याची आठवण इतिहासाने जपली. फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या यंत्राची मात्र क्वचितच. वस्तुतः घरावर खरा भार पडला तो या दुसऱ्या यंत्राचा. त्या काळी कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई. कडांवरील छिद्रांच्या आधारेच ती कॅमेऱ्यात पुढे सरके. त्यांतील अंतर चुकल्यास पडद्यावरील चित्र थरथरे. शिवाय उजेड लागताच फिल्म निकामी होई. साहजिकच दादरच्या राहत्या घरातच अंधारखोली करावी लागली, व मुलाबाळांचे आणि मंडळींच्या जेवणाखाण्याचे आटोपल्यावर सरस्वतीबाई तेथे छिद्रे पाडीत. एका चौकटीस आठ छिद्रे व फुटास सोळा चौकटी, असा हिशेब आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) सुमारे ३,७०० फुटांचा. म्हणजे एका प्रतीसच सुमारे पावणेपाच लाख छिद्रे! निगेटिव्हची वेगळी, व चित्रणात वाया गेलेल्या फिल्मची तर गणतीच नको. दिवसा चित्रण चाले तेव्हा पांढऱ्या चादरी धरून नटांवर ऊन परतविण्याचे कामही सरस्वतीबाईंकडेच असे.