गळ्यातली तुळशीमाळ

मागच्या कार्तिकीला आमच्या गटाने पंढरपुरातून पंचवीस माळा घाऊक भावाने आणल्या. गावात विकून गटाला चार पैसे सुटतील, एवढाच हिशेब होता. पंधरा दिवसांत एकेकीच्या मानेवर तांबूस डाग दिसू लागले. घामाने रंग सुटला होता. आमच्यातल्या एकीच्या मालकांनी त्यातलीच माळ घालून दारू सोडली होती. तिच्या पोटात गोळाच आला. माळ खोटी निघाली म्हटल्यावर शपथही खोटीच, असं म्हणाले तर?

म्हणून आम्ही या माळेची हकिगत शोधायला बसलो.

मणी मोजत नाव घेणं फार जुनं. बौद्ध, जैन, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांकडे माळ आहे. आपल्या जपमाळेत १०८ मणी आणि वर मेरुमणी. मेरू ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. शैवांचा रुद्राक्ष, वैष्णवांची तुळस.

वारकऱ्यांची गळ्यातली माळ मात्र मोजण्यापुरती नाही. ती घातली की मांसमटण बंद, दारू बंद, परस्त्री आईसारखी, एकादशी आणि वारी चुकवायची नाही. जानवं ठरावीक घरच्या पुरुषांनाच मिळायचं. माळेला ना जात आडवी आली, ना बाईपण. सतराव्या शतकात ब्राह्मणाघरच्या संत बहिणाबाईंनी कुणबी तुकोबांना गुरू मानलं, ते याच पंथात. पण माळ सगळ्यांची असली तरी देऊळ सगळ्यांचं नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, म्हणजे दाराबाहेरच आहे. दलितांना विठ्ठलाच्या देवळात जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण करावं लागलं. तुकोबा जाऊन तोवर जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. एवढा उशीर!

माळा करणारे हातही जुनेच आहेत. पंढरपुरातली काशीकापडी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. तुळशीची वाळलेली खोडं आणायची, तुकडे करायचे, भोक पाडून मणी घासायचे, मग ओवायचे. बायकाही या कामात असतात. यंत्रावरची रंगीत माळ स्वस्त पडते, आणि मार बसतो तो या घरांना. आम्हीही स्वस्त बघूनच घेतली होती, हे कबूल करायला हवं.

आता पारख. पाण्यात बुडाली तर खरी, तरंगली तर खोटी, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. लाकूड किती वाळलंय यावर ते ठरतं. रुद्राक्षाचंही तसंच. आपण अंगणातली तुळस आठवायची. तिचं जून खोडसुद्धा अंगठ्याएवढं जाडजूड क्वचितच होतं, मग गोटीएवढे मणी तुळशीचे कुठून येणार? ओल्या पांढऱ्या फडक्याने मणी चोळा, रंग उतरला तर समजा रंगवलेत. सगळे मणी साच्यातून काढल्यासारखे एकसारखे असले तरी विचारा. दरवळणारा वास म्हणजे बहुतेक वरून लावलेलं अत्तर.

माळकरी अंघोळीलाही माळ काढत नाहीत. म्हणून साबणाचा फेस राहू द्यायचा नाही, लगेच कोरड्या फडक्याने टिपायची. अधूनमधून खोबरेल तेलाचं एक बोट फिरवायचं. दोरा घामाने आतून कुजतो, तेव्हा वारीआधी दरवर्षी ताटात धरून नव्याने ओवायची. ताट नसलं की मणी कपाटाखाली गेलाच!

आषाढीला आम्ही काशीकापड्यांच्या घरी जाऊन, मणी घासताना बघून माळा घेतल्या. दाम जास्त पडले. आमच्या मैत्रिणीने नवी माळ मालकांपुढे भीतभीतच धरली. त्यांनी रंग उडालेली उतरवली, ही घातली आणि गोठ्यात धार काढायला गेले. जुनी माळ तिला चुलीत घालवेना, देव्हाऱ्यातही ठेववेना. ती अजून खुंटीलाच आहे.