पनामा कालवा : सोन्याचा पगार, चांदीचा पगार

सुएझ कालवा उभारणाऱ्या लेसेप्स यांनी १८८१ मध्ये पनामातही समुद्रसपाटीचाच कालवा खणायला घेतला. डोंगर, पाऊस आणि पिवळा ताप यांपुढे तो बेत फसला. पुढे अमेरिकेने चाग्रेस नदी अडवून तलाव केला आणि जहाजंच पायरीपायरीने वर चढवली.

आम्ही गांबोआहून लहान बोटीने पॅसिफिककडे निघालो, तेव्हा हे नीट उमगलं. कुलेब्राच्या खिंडीत दोन्ही बाजूंना कापलेला डोंगर. पुढे मिराफ्लोरेसच्या लॉकमध्ये भल्यामोठ्या मालवाहू जहाजापुढे आमची होडी. दरवाजे मिटले, पाणी उतरू लागलं. पंप नाही, पाणी फक्त उताराने वाहतं.

कौतुक वाटतंच. पण ही खिंड खणली कोणी? मुख्यतः बार्बाडोस, जमैका अशा बेटांवरच्या कृष्णवर्णीय मजुरांनी. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्यात, यांचा चांदीत. राहण्या-जेवणाची सोयही वेगळी. अमेरिकी बांधकामात नोंदलेल्या ५,६०९ मृत्यूंपैकी बहुतेक याच मजुरांचे.

१५ ऑगस्ट १९१४ ला कालवा खुला झाला, ३१ डिसेंबर १९९९ ला पनामाकडे आला. त्याचा इतिहास वाचताना अभियंत्यांच्या नावांशेजारी हा पगाराचा रकानाही आपण वाचायला हवा.