कुंडाच्या काठाने चालायचं, मुक्काम करायचा? टाकळी हाजी-निघोजला जाण्याआधी हे वाचा

शिरूर / दौंड : शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी आणि पलीकडच्या काठावरचं पारनेर तालुक्यातलं निघोज, या दोन गावांच्या मधून कुकडी नदी वाहते. इथे नदीने काळा कातळ कोरून खोल घळ पाडली आहे. त्या घळीत रांजणासारखे गोल खड्डे आहेत, त्यांना रांजणखळगे म्हणतात. गावाकडे मात्र सगळे 'कुंड' म्हणूनच ओळखतात. मळगंगा देवीचं मंदिर दोन्ही काठांवर आहे, त्यामुळे भाविक पिढ्यानपिढ्या इथे येतात. आता पाठीवर पिशवी टाकून काठाने भटकणारी आणि तंबू ठोकून रात्र काढू पाहणारी तरुण पोरंही येऊ लागली आहेत. जागा बघण्यासारखी आहे यात शंका नाही. पण पाणी, कडा आणि बिबट्या या तीन गोष्टी नीट समजून घेतल्याशिवाय इथे मुक्कामाला जाऊ नये.

हे खळगे झाले कसे?

आपल्या भागातला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला आणि थंड होऊन गोठलेला लाव्हा. या कातळात जिथे भेग किंवा मऊ जागा असते तिथे पुराच्या पाण्याचा भोवरा तयार होतो. भोवऱ्यात दगडगोटे अडकतात आणि गरागरा फिरत राहतात. जात्यात दाणे भरडावेत तसे हे गोटे खालचा कातळ झिजवतात. हजारो पावसाळे हे चाललं की खड्डा खोल आणि गुळगुळीत होतो. शेजारशेजारचे खड्डे वाढता वाढता एकमेकांना मिळतात, मधली भिंत पडते आणि नदीची घळ आणखी खोल होते. असे खळगे इंद्रायणीच्या पात्रातही आहेत. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीच्या दरीतले अशाच प्रकारचे खळगे बघायला जगभरातून लोक जातात.

हे समजून घेण्याचा एक व्यवहारातला फायदाही आहे. खळग्याचं तोंड लहान आणि पोट मोठं असू शकतं. आतली भिंत गुळगुळीत असते, हाताला धरायला काही सापडत नाही. विहिरीत पोहणारा पोरगा इथे उतरला तरी त्याला वर येता येईल याची खात्री नाही. म्हणून पोहता येत असो वा नसो, खळग्यात उतरायचं नाही.

कधी जावं?

पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा बरेचसे खळगे पाण्याखाली असतात आणि काठचा दगड निसरडा होतो. पाणी ओसरल्यावर, दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत, कातळ उघडा पडतो. त्यातही थंडीचे दिवस चालायला बरे. मार्चनंतर काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो. तेव्हा सकाळी उजाडल्यावर निघून अकराच्या आत सावलीला यावं. चैत्रात मळगंगेची मोठी यात्रा असते. त्या दिवसांत गर्दी फार, निवांत भटकंती होत नाही.

पोचायचं कसं?

शिरूर म्हणजे घोडनदी, पुणे-अहिल्यानगर महामार्गावर. शिरूरहून टाकळी हाजी साधारण वीसेक किलोमीटर आहे. दौंडकडच्या लोकांना चौफुला-न्हावरे मार्गे शिरूरला येऊन पुढे जाता येतं. एसटीने जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ शिरूर आगारात आधीच विचारून घ्या. संध्याकाळी गाडी चुकली की नको तिथे रात्र काढायची वेळ येते.

धरणातून पाणी सुटलं तर?

कुकडीवर वरच्या अंगाला जुन्नर तालुक्यात माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. इथे आभाळ कोरडं असलं तरी वरून पाणी सोडलं तर नदी वाढू शकते. पुढे कुकडी घोड नदीला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा दौंडकडून उजनीला जाते. त्यामुळे नदीत पाणी सोडल्याची सूचना शिरूर-दौंडच्या नदीकाठच्या गावांना नवीन नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्याला मात्र ती कळत नाही.

जाण्याच्या दिवशी गावातल्या ओळखीच्या माणसाला, पोलीस पाटलाला किंवा ग्रामपंचायतीत फोन करून नदीला पाणी सुटलंय का, सुटणार आहे का, हे विचारा. पात्रात असताना स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा पाण्याचा आवाज वाढला, तर सामान तिथेच सोडा आणि काठावर चढा. फोटो काढत थांबू नका. नदीच्या पात्रात, वाळूवर किंवा कातळावर तंबू लावायचा नाही, मग नदी कितीही कोरडी दिसो.

काठाने चालताना

काठाने गुराख्यांच्या आणि भाविकांच्या पायवाटा आहेत. त्या सोडून कड्याच्या टोकाकडे जाऊ नये.

- चप्पल किंवा सँडल नको. तळाला पकड असलेले बूट घाला.
- कड्यापासून निदान दहा पावलं आत चाला. टोकावरचा दगड वरून घट्ट दिसला तरी खालून पोकळ असू शकतो.
- हिरवं-काळं शेवाळ दिसलं की तिथे पाय टाकू नका.
- सेल्फी काढताना मागे सरकू नका. आधी उभं राहा, मग मोबाईल वर करा.
- कपारीत आग्या मोहळ असेल तर धूर, आरडाओरडा, उग्र वासाचे स्प्रे टाळा.
- दगडाच्या फटीत हात घालू नका. घोणस आणि फुरसं अशा जागी बसतात. साप चावला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नका. माणसाला शांत ठेवा, चालायला लावू नका आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा.
- माणशी तीन लिटर पाणी सोबत ठेवा. नदीचं पाणी तसंच पिऊ नका.

कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारू नका. अशा वेळी वाचवायला गेलेलाही बुडतो. दोर, साडी, उपरणं किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका, आणि ११२ ला फोन करा. नदीच्या एका काठावर पुणे जिल्हा, दुसऱ्या काठावर अहिल्यानगर. त्यामुळे फोनवर आपण टाकळी हाजीच्या बाजूला आहोत की निघोजच्या, हे पहिल्यांदा सांगा. मदतीचा वेळ त्याने वाचतो.

रात्रीचा मुक्काम : तंबू की गाव?

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये, जिथे दरी दीड किलोमीटरहून खोल आहे, रात्री दरीत मुक्काम करायला आधी परवाना काढावा लागतो. कोण कुठे आहे याची नोंद राहते. आपल्याकडे काठाची जमीन बहुतेक वेळा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. 'मोकळं रान दिसलं, तंबू लावला' असं चालत नाही. शेतमालकाला विचारा, ग्रामपंचायतीत सांगा, मंदिराच्या आवारात थांबायचं तर देवस्थानाच्या लोकांना भेटा.

त्याहून मोठी अडचण बिबट्याची आहे. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. बिबट्या इथे उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलांसह माणसं गेली. हा भाग टाकळी हाजीपासून लांब नाही. जिथे शेतकरी रात्री पाणी धरायला एकटा जायला कचरतो, तिथे शहरातल्या पोरांनी उसाच्या बांधाला कापडी तंबूत झोपणं शहाणपणाचं नाही.

म्हणून सरळ सल्ला असा : दिवसभर काठाने फिरा, अंधार पडायच्या आत गावात या आणि पक्क्या भिंतीच्या आत झोपा. पहाटे अंधारात बाहेर पडू नका, चांगलं उजाडू द्या. परसाकडे जायचं तर एकट्याने जायचं नाही, हातात बॅटरी हवी, आणि उसाच्या कडेला खाली बसायचं नाही. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. उरलेलं मटण, हाडकं बाहेर टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. लहान मुलांना क्षणभरही एकटं सोडू नका. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे.

शेकोटीचंही तसंच. उसाचं पाचट आणि वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं. वर्षाचं पीक जळालं तर त्या शेतकऱ्याचं नुकसान कोण भरून देणार? शेकोटी करायचीच तर घरमालकाच्या अंगणात, त्याच्या परवानगीने, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवायची.

गावाच्या हाती काय?

पाहुणा गावात झोपला तर पैसाही गावात राहतो. पिठलं-भाकरी, चुलीवरचं जेवण, एक स्वच्छ खोली आणि संडास-बाथरूम एवढी सोय असली तरी पुरते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. त्याखाली शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी करता येते. बारामती तालुक्यात पळशीवाडीला २००५ पासून असं केंद्र चालू आहे, म्हणजे पुणे जिल्ह्याला हा धंदा नवा नाही.

काठाची प्रत्येक पायवाट, शेवाळाची जागा आणि पाणी वाढल्याची खूण गावातल्या पोरांना पाठ असते. पाहुण्यांबरोबर वाटाड्या म्हणून गेलं तर त्या माहितीचेही दोन पैसे मिळतील, आणि कड्याच्या टोकाकडे निघालेल्याला वेळेत मागे बोलावणारं कुणीतरी सोबत असेल. पाहुण्यांनीही वाटाड्याची मजुरी देताना घासाघीस करू नये. आणि निघताना प्लास्टिकच्या बाटल्या, पत्रावळ्या आपल्याच पिशवीतून परत न्याव्यात. खळग्यात टाकलेला कचरा काढायला कुणाला तरी त्याच धोक्याच्या जागी उतरावं लागतं.